कोयनेलचा नमुना

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्याला विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा नाही. पत्रिका छापून आल्या तेव्हा घरातली सगळी मंडळी त्यांना हळदकुंकू लावण्यात गुंतली होती आणि हे नवरदेव मांडीवर पंचांग घेऊन तिथी आणि वार जुळतात का ते पाहत बसले होते. जुळत नव्हते. छापखान्यानं शुक्रवारचा गुरुवार केला होता. निम्म्या पत्रिका तोवर टपालात पडल्या होत्या, त्यामुळे आमच्या सासऱ्यांना एक दिवस आधी आलेल्या वऱ्हाडाला जेवू घालावं लागलं. सासरे पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगताना म्हणत, "पंधरा माणसांनी वाचली होती पत्रिका." त्यावर साडू शांतपणे म्हणत, "वाचली कोणीच नव्हती. पाहिली होती."

ते नागपूरच्या एका लहानशा औषधी कारखान्यात ॲनालिस्ट होते. हा शब्द त्या काळी आमच्या नातेवाइकांत कोणालाही नीट उच्चारता येत नसे आणि समजत तर त्याहून नसे. मुलगी दाखवायच्या वेळी आमच्या चुलत सासऱ्यांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, "तुम्ही औषधं बनवता?" "नाही." "मग विकता?" "नाही." "मग करता काय?" "दुसऱ्यानं बनवलेलं औषध औषधच आहे का, ते पाहतो." चुलत सासरे उठून आत गेले आणि म्हणाले, "मुलगा पोलीस खात्यात आहे, पण सांगून नाही राहिला." तेव्हापासून मोहल्ल्यातही त्यांच्याबद्दल असाच काहीसा समज होता. ते रस्त्यानं निघाले की दूधवाला आपली बरणी दुसऱ्या खांद्यावर घेई.

आता त्यांच्या सवयी. कुठल्याही वस्तूचा वास ते थेट नाक लावून घेत नसत. वस्तू वीतभर लांब धरायची, दुसऱ्या हातानं तिच्यावरून नाकाकडे हलकासा वारा घालायचा आणि मग मान किंचित वर करून डोळे मिटायचे. प्रयोगशाळेत घातक वाफांपासून जपायला हे शिकवतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण ते चहाचा, आमटीचा, अत्तराचा आणि देवळातल्या तीर्थाचाही वास असाच घेत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा आणला आणि तो तिनं माळल्यावर वीतभर लांब उभं राहून हातानं वारा घातला. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हे सांगताना पुढेही लाजायच्या ऐवजी चिडत असे. "मी काय बाटलीतून निघाली का वं?" ती माझ्या बायकोला विचारी.

वजनाचंही तसंच. कारखान्यात त्यांचा एक तराजू होता, काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याची वजनं ते चिमट्यानं उचलत, आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरत. ही श्वास रोखण्याची खोड त्यांना बाजारातही सोडत नसे. बुधवारच्या बाजारात भाजीवालीनं कोथिंबीर तोलायला घेतली, की हे वाकून, गाल फुगवून काट्याकडे पाहत उभे. एकदा ती बाई घाबरली. "भाऊ, श्वास तं घ्या," ती म्हणाली, "सांबार आहे, सोनं नाही." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. साडूंनी काटा थांबल्यावरच श्वास सोडला आणि म्हणाले, "डावं, वजनाचं पारडं जड आहे तुझं. खाली चिंच चिकटली आहे." ती खरंच चिकटलेली होती. पण त्यामुळे नुकसान बाईचंच होत होतं, गिऱ्हाइकाचं नव्हे, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर तिनं त्यांना मूठभर सांबार फुकट दिला.

माझ्या लग्नात तर त्यांनी पंगतच थांबवली. त्यांच्या कोटाच्या खिशात एक चिमुकली शिशी असे, तिच्यात पातळ केलेलं ॲसिड. (त्या शिशीपायी त्यांच्या प्रत्येक कोटाच्या उजव्या खिशाला भोक पडे आणि अक्का त्याला आतून नवं कापड लावी.) पानात बुंदीचा लाडू पडला. रंग फारच पिवळा होता. साडूंनी लाडवाचा एक दाणा पानाच्या कडेला ओढला आणि त्याच्यावर थेंब टाकला. दाणा क्षणात जांभळट गुलाबी झाला. शेजारच्या पाहुण्यानं ते पाहिलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला दाखवलं, आणि पाहता पाहता अख्ख्या पंगतीनं लाडवावरचे हात काढून घेतले. हलवाई धावत आला. "साहेब, काहून थांबले सगळे?" "हा कपडे रंगवायचा रंग आहे." "पण साहेब, कलकत्त्याहून येते तो!" "कपडेही तिथून येतात," साडू म्हणाले. त्या दिवशी सगळ्यांनी गोडाला साखर-पोळी खाल्ली. मी मांडवात बसून हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाशी आता जन्मभराचं नातं.

पण तो माणूस नुसता हेकट नव्हता. नागपुरात बी. एस्सी. झाल्यावर ते कलकत्त्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत सहा वर्षं होते आणि तिथं त्यांना पुढे चांगली बढती मिळायची होती. आईचं दुखणं निघालं म्हणून परत आले ते इथलेच झाले. कारखान्यात त्यांची खोली मागच्या बाजूला होती, पूर्वेकडे एक खिडकी, खिडकीत काचेच्या नळ्या वाळत घातलेल्या. दिवसभर आलेल्या मालाची तपासणी करून उरलेल्या वेळात ते स्वतःचं संशोधन करत. सातवीण नावाचं झाड असतं, त्याच्या सालीचा काढा आपल्याकडे तापावर देतात. त्या सालीत तापावर चालणारं नेमकं द्रव्य कोणतं, ते वेगळं काढायचं, असा त्यांचा ध्यास होता. ते त्यांनी सात वर्षं केलं. साल आणायची, उकळायची, गाळायची, सुकवायची, तोलायची. सात वर्षांनी मी एकदा विचारलं, "काय निघालं मग?" ते म्हणाले, "नाही." मला वाटलं पुढे काही सांगतील. पण तेवढंच उत्तर होतं. सालीतून मिळालेली पूड तापावर चालते हे त्यांना सिद्ध करता आलं नव्हतं, आणि म्हणून ती वही त्यांनी बंद करून टाकली होती. मी मास्तर माणूस. नापास झालेला मुलगासुद्धा उत्तरपत्रिकेच्या शेवटी काहीतरी लिहून ठेवतो, हे मी रोज पाहत होतो. यांनी तेही केलं नाही.

मग लढाई आली. बाहेरून येणारं कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनाइन, बंद झालं आणि हिवतापाचे दिवस तर दरवर्षीसारखे ठरल्या वेळी आले. कारखान्याचे मालक शेठजी यांनी कुठूनशी खटपट करून एका व्यापाऱ्याकडून कोयनेलच्या पुडीचं एक मोठं पिंप मिळवलं. त्याच्या गोळ्या करून चार गावांच्या दवाखान्यांना पाठवायच्या होत्या. पिंप कारखान्यात उतरलं त्याच दिवशी माझ्या मुलीचं बारसं होतं. साडू कुठल्याही समारंभाला वेळेवर येत नसत, म्हणून अक्कानं मलाच त्यांना आणायला धाडलं. मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी पिंपाचं झाकण नुकतंच उघडलं होतं.

"दहा मिनिटं थांब गा, मास्तर."

"भाऊसाहेब, बायका पाळण्यापाशी उभ्या आहेत. तुमच्यावाचून अडलं आहे."

"वरून, मधून आणि तळातून, तीन ठिकाणचा नमुना घ्यावा लागते."

"उद्या घ्या की. मुलीचं नाव काही उद्या ठेवता येणार नाही."

मी टांगा उभा करून ठेवला होता. टांगेवाला बाहेरून घंटी वाजवत होता. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि वरचीच चमचाभर पूड घेतली. तेवढ्याची तपासणी झटपट केली. शुद्ध निघाली. माल शुद्ध असल्याच्या दाखल्यावर सही करून त्यांनी हात धुतले आणि माझ्याबरोबर निघाले. बारसं थाटात झालं.

महिन्याभरानं अक्काला ताप आला. एक दिवसाआड, थंडी वाजून, दात कडकडून. हिवतापच होता, तिला तो दोन वर्षांपूर्वीही येऊन गेला होता. साडूंनी आपल्याच कारखान्याच्या गोळ्या आणून दिल्या. चार दिवस झाले, पाच झाले, ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवा. वाढवल्या. सहाव्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको पाहायला गेलो होतो. अक्काची हाडं वर आली होती. साडू खुर्चीवर बसले होते आणि थर्मामीटर पुन्हा पुन्हा झटकत होते.

अक्का माझ्या बायकोला म्हणाली, "मागच्या वेळी कान कसे वाजत होते वं माझे! रातकिडे बसल्यासारखे. आता काही वाजूनच नाही राहिले."

तिनं हे नुसतं बोलायचं म्हणून म्हटलं. पण साडूंचा हात थांबला. कोयनेल पोटात गेलं की कानात गुणगुण होते, हे गावात कोणालाही ठाऊक असतं. ते उठले, तिच्या उशाशी गेले आणि म्हणाले, "पुन्हा सांग."

"काय सांगू?"

"कानाचं सांग."

"नाही वाजत," अक्का म्हणाली. "मी काही चुकीचं बोलली का?"

साडू वळले. गोळीची शिशी घेतली, चप्पल घातली आणि निघाले. मी मागोमाग गेलो. कारखान्यातल्या खोलीत जाऊन त्यांनी दोन नळ्या घेतल्या. एकीत कपाटातल्या जुन्या, सीलबंद शिशीतलं कोयनेल टाकलं, दुसरीत नव्या गोळीचा चुरा. दोन्हींत पाणी आणि थेंबभर ॲसिड घालून त्या नळ्या खिडकीतल्या उन्हात धरल्या. पहिल्या नळीतलं पाणी निळं चमकायला लागलं, इतकं सुरेख की नमस्कार करायचाच बाकी राहिला. दुसऱ्या नळीत अगदी फिकट झाक आली, असली नसली. पिंप अजून अर्धं शिल्लक होतं. साडूंनी बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळातली पूड काढली. ती पांढरीही होती, कडूही होती. नळीत तिनं काहीच चमक दाखवली नाही. व्यापाऱ्यानं वर चार बोटं खरा माल आणि खाली कुठली तरी स्वस्त कडू पूड भरली होती.

मी म्हणालो, "चोर आहे लेकाचा."

"तो आहेच," साडू म्हणाले. "पण दाखल्यावर त्याची सही नाही."

जुन्या शिशीतलं कोयनेल त्यांनी तोलून पुड्या बांधल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांच्या चिमट्यातलं वजन पारड्याबाहेर पडलेलं पाहिलं. अक्काला पुड्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पाय ठेवतो तोच आतून तिचा आवाज आला, "अहो, वाजले! वाजून राहिले कान!" साडू दारातच उभे होते. ते आत गेले नाहीत. नळावर जाऊन एक रिकामा पेला त्यांनी घासायला घेतला आणि बराच वेळ घासत राहिले.

चारही दवाखान्यांना पत्रं गेली. तिघांकडून उरलेल्या गोळ्या परत आल्या. आधी किती गोळ्या लोकांच्या पोटात गेल्या आणि त्या लोकांचं पुढे काय झालं, ते मात्र कोणालाच सांगता येईना. साडूंनी ती तिन्ही उत्तरं चार-चार वेळा वाचली. चौथं, काटोलचं, उत्तरच आलं नाही. म्हणून रविवारी आम्ही दोघं खरं कोयनेल घेऊन काटोलला निघालो. पेट्रोल मिळत नसल्यामुळे बस कोळशाच्या गॅसवर चालत होती आणि चढ आला की उतारू उतरून ढकलत होते. साडूही ढकलत होते, एका हातानं. दुसऱ्या हातात औषधाची पेटी होती.

काटोलच्या कंपौंडरनं सांगितलं, गोळ्या आजच बांधून ठेवल्या आहेत, पत्र उशिरा मिळालं. फक्त एका माणसाला दिल्या होत्या, आणि तो गावाबाहेर संत्र्याच्या बगीच्यात राहतो. आम्ही तिथं चालत गेलो. बगीच्याचा मालक आळ्यातलं तण काढत होता, चांगला धडधाकट.

साडू म्हणाले, "दवाखान्यातून गोळ्या नेल्या होत्या ना तुम्ही? त्या परत द्या. त्यात औषध नाही."

"नाही कसं?" तो म्हणाला. "म्या पाच खाल्ल्या अन् ताप गेला."

"ताप आपोआप गेला असन."

"आपोआप जात होता तं मग आधी काहून नाही गेला?"

  साडूंनी खऱ्या गोळ्या पुढे केल्या. मालकानं एक जिभेला लावून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "साहेब, हे तं लय कडू आहे. माह्या त्याच बऱ्या." अर्धा तास समजावल्यावर, साहेब इतक्या दुरून आले एवढ्याचसाठी, त्यानं बदल कबूल केला, आणि वर आम्हाला हिरवट संत्री बांधून दिली. ती इतकी आंबट होती की बसमध्ये माझे दात शिवशिवले. साडूंनी हातानं वारा घालून वास घेतला आणि पहिल्यांदाच जरासे हसले.

परतीच्या वाटेत मी मनातलं बोलून टाकलं. "भाऊसाहेब, त्या दिवशी मी टांगा घेऊन आलो नसतो तर हे झालं नसतं."

"तू बोलवायला आला होता," ते बाहेर पाहत म्हणाले. "नमुना मी घेतला. दोन कामं वेगळी आहेत, मास्तर."

सोमवारी शेठजींनी त्यांना बोलावलं. शेठजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाबूसाहेब, तुम्ही तं कमालच करून राहिले. माल आला तेव्हा चांगला होता, गोदामात ओल लागून बिघडला, एवढं लिहून द्या. ना तुमची बदनामी, ना माझी." साडूंनी कागद मागवला. वर लिहिलं, 'नमुना फक्त वरच्या थरातून घेतला. चूक माझी आहे.' खाली सही केली, आणि तारीख घालायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ती ताडून पाहिली. त्याच्या नकला चारही दवाखान्यांना गेल्या. शेठजींनी त्यांना काढून टाकलं नाही. पण एकदा दाखला चुकलेल्या माणसाच्या सहीवर माल विकला जाईना, आणि दोन महिन्यांनी साडूंनी स्वतःच राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी शेठजींनी हार घातला आणि डोळे पुसले.

पुढे ते पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागले. शहराला येणारं पाणी तपासायचं, एवढंच काम. कलकत्त्याला शिकलेल्या माणसाला ते फार किरकोळ होतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. माझी जबलपूरला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो, तर ते सकाळीच अंबाझरीच्या तलावावर गेले होते. तिथं जाऊन गाठलं. धोतर खोचून ते पाण्यात उभे होते. एक बाटली त्यांनी काठाशी भरली, एक आत जाऊन, आणि तिसरी दोरीला बांधून खोल सोडली. मी काठावर बसून पाहत राहिलो. घाई करण्यासारखं मलाही काही नव्हतं. गाडी संध्याकाळची होती.

ते बाहेर आल्यावर मी विचारलं, "रोज यात निघतं काय?"

"काही नाही निघत," ते पाय पुसत म्हणाले. "न निघालं म्हणजेच बरं."

"कंटाळा येत नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "सकाळी हे घेऊन जातो. दुपारी सही करतो. मग लोक पाणी पितात. त्यांना काही माहीत नसते. मले बरं वाटते गा."

आम्ही दोघं बाटल्या घेऊन रस्त्यापर्यंत चालत आलो. तीच आमची शेवटची भेट. जबलपूरला असताना, दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्काचं पत्र आलं. हे गेले, झोपेतच गेले, असं तिनं लिहिलं होतं. मी पहिल्या गाडीनं नागपूर गाठलं तरी सगळं उरकलेलं होतं. उन्हातून आलो म्हणून अक्कानं आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. पाणी स्वच्छ होतं. मी ते प्यायलो, आणि अक्काकडे आणखी एक तांब्या मागितला.